मॉड्यूल बदलण्याआधी ब्लोअर बघा

मीरा रोड-भाईंदरच्या जुन्या सोसायट्यांमधून संध्याकाळी एक फेरी मारा. स्टिल्टखाली जागा न मिळालेल्या, कुंपणाला खेटून उघड्यावर उभ्या असलेल्या गाड्यांपैकी कितीतरी बारा-पंधरा वर्षांच्या दिसतील. कर्ज केव्हाच फिटलंय, इंजिन तक्रार करत नाही आणि घरच्यांचा जीव गाडीत गुंतलाय. अशा गाडीच्या एसीचे आकडे एक दिवस मिटतात, किंवा ब्लोअर एकाच वेगाने घोंघावत राहतो. गॅरेजमध्ये नेल्यावर पाच मिनिटांत उत्तर मिळतं : "साहेब, क्लायमेट कंट्रोलचं मॉड्यूल गेलं. अख्खं बदलावं लागेल."

माझी कळकळीची विनंती आहे, हे ऐकल्याबरोबर मान डोलावू नका. मॉड्यूल खरंच गेलंय का ते मोजून दाखवायला सांगा. गेलं असेल, तर ते कशामुळे गेलं हे विचारा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय नव्या भागाचे पैसे देऊ नका.

मी हे पैसे दोनदा भरले आहेत. एका मे महिन्यात माझ्या गाडीचा ब्लोअर अचानक पूर्ण वेगाने सुटला. बटण कितीही दाबलं तरी तो कमी होईना आणि आठवड्याभरात पार बंद पडला. एका गॅरेजने मॉड्यूल बदललं, गार हवा आली, मी निर्धास्त झालो. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. मग दुसऱ्या एका मेकॅनिककडे गेलो. वयाने मोठे होते. डॅशबोर्डखाली उताणे झोपून त्यांनी ब्लोअरचा पंखा बोटाने फिरवून पाहिला आणि म्हणाले, "दादा, मोटर जड फिरतेय. ती जास्त करंट ओढते आणि मॉड्यूल जाळते. आज नवं बसवलं तरी हेही जळणार." पहिल्या ठिकाणी ब्लोअरला कोणी हातच लावला नव्हता. नवं मॉड्यूल घालून एसी चालू झाला, एवढ्यावर काम संपलं होतं. आपल्याकडे याला "बदलून बघू" म्हणतात. बघण्याचा खर्च मात्र गाडीवाल्याचा असतो.

आधी ही भानगड काय आहे ते समजून घेऊ, कारण 'मॉड्यूल' हा एकच शब्द गॅरेजमध्ये दोन वेगळ्या वस्तूंना लावतात. पहिली वस्तू म्हणजे समोर दिसणारं पॅनल. त्यावर २४, २५ असे आकडे उमटतात. गाडीतल्या हवेचं तापमान, बाहेरचं तापमान, ऊन आणि कूलिंग कॉइलचा गारवा सांगणारे सेन्सर त्याला जोडलेले असतात. त्यावरून ते कॉम्प्रेसर कधी चालवायचा, गार-गरम हवेची फळी किती उघडायची, हवा काचेवर सोडायची की पायांवर, हे ठरवतं. दुसरी वस्तू म्हणजे ब्लोअरचा वेग ठरवणारं पॉवर मॉड्यूल. हे हातभर आत, ब्लोअरच्या हवेच्या वाटेतच बसवलेलं असतं, कारण काम करताना ते तापतं आणि त्याच हवेने गार होतं. दोन्हींच्या किमतीत बहुतेक गाड्यांत मोठा फरक असतो. म्हणून पहिला प्रश्न हाच : "कुठलं मॉड्यूल? समोरचं की ब्लोअरचं?" या एका प्रश्नाने पुढचं अर्धं बोलणं सरळ होतं.

ज्यांच्या गाडीत साधी गोल बटणं फिरवायचा एसी आहे, त्यांच्याकडे पॉवर मॉड्यूलच्या जागी रेझिस्टन्स असतो. पहिले तीन वेग बंद आणि फक्त चौथा चालू असेल, तर बहुतेक वेळा रेझिस्टन्सच गेलेला असतो. शेवटच्या वेगाला वीज त्याला वगळून थेट मोटरकडे जाते. ही दुरुस्ती स्वस्तातली आहे. त्यासाठी कोणी अख्खं पॅनल बदलायला सांगत असेल, तर तिथून गाडी काढा.

ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल १९६४ मध्ये अमेरिकेत कॅडिलॅकने पहिल्यांदा आणलं. आपल्याकडे ते मध्यमवर्गाच्या गाड्यांत आलं २००५ नंतर. स्विफ्टच्या झेडएक्सआयमध्ये ते होतं, २००७ च्या एसएक्स-४ मध्ये आणि २००९ साली आलेल्या लिनिया आणि शेवरोले क्रूझच्या वरच्या मॉडेलांमध्येही होतं. त्या पिढीच्या गाड्या आज पंधरा-वीस वर्षांच्या झाल्या आहेत, म्हणजे ही तक्रार आता घरोघरी येणार आहे. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होतं. एप्रिल २०२२ पासून त्याची फी ५,००० रुपये झाली. एवढं भरून ज्याने गाडी ठेवायची ठरवली, त्याला एसीच्या एका पेटीपायी ती भंगारात घालायला सांगणं मला पटत नाही.

आता करंटची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण मुख्य दुखणं तिथेच आहे. लहान गाडीचा ब्लोअर पूर्ण वेगात साधारण दहा ते वीस अँपिअर ओढतो. आपण पंधरा धरू. ब्लोअरच्या वायरी जोडणाऱ्या कपलरमध्ये ओलाव्याने गंज धरला आणि तिथे केवळ ०.२ ओहमचा अडथळा तयार झाला, तरी गणित असं होतं : १५ गुणिले १५ गुणिले ०.२, म्हणजे ४५ वॉट. सोल्डरिंगची साधी आयर्न २५ वॉटची असते. म्हणजे तुमच्या डॅशबोर्डच्या आत, प्लास्टिकच्या कपलरमध्ये, सोल्डरिंग आयर्नपेक्षा जास्त उष्णता तासन्‌तास निघते आहे. कपलर पिवळा पडतो, मग तपकिरी होतो, वितळतो. आणि आपण म्हणतो मॉड्यूल गेलं. म्हणून नवं मॉड्यूल जुन्याच करपलेल्या कपलरला कधीही लावू देऊ नका. कपलर, निदान त्याच्या आतल्या पिना, नव्या घालायला लावा. आणि करंट जास्त जातो म्हणून फ्यूज मोठ्या नंबरचा टाकणाऱ्याला तिथेच थांबवा. फ्यूज वितळला नाही तर वायर वितळते.

आपल्या गावात हा गंज लवकर का धरतो, ते वेगळं सांगायला नको. एका बाजूला वसईची खाडी, दुसरीकडे उत्तन-पालीचा समुद्र, मधोमध मिठागरं. हवेत बारा महिने खारटपणा आणि पावसाळ्यात चार महिने ओल. तांब्याच्या पिनांवर हिरवट थर चढायला याहून वेगळं काही लागत नाही. त्यात झाडाखालचं पार्किंग. वायपरच्या खाली जी जाळी असते तिच्यात गुलमोहराची नाहीतर पिंपळाची पानं साचतात, पाणी जायची वाट बुजते आणि पावसाचं पाणी थेट ब्लोअरवर टपकू लागतं. एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली, तर तेच पाणी शेजारच्या सीटच्या पायाखाली येतं. मॅटखालचा गालिचा हाताने दाबून पाहा. ओला लागला तर दुखणं तिथूनच सुरू झालंय. उंदीर हाही आपल्या उघड्या पार्किंगचा जुना रहिवासी. तो फिल्टरमध्ये घर करतो आणि वायरी कुरतडतो. तुटलेल्या एका वायरीमुळे पॅनल बंद पडतं, आणि बदललं जातं ते पॅनल.

यातलं बरंचसं गॅरेजला जाण्याआधी तुम्ही स्वतः पाहू शकता. बहुतेक गाड्यांत ग्लव्हबॉक्स काढला की त्याच्या मागे केबिन फिल्टर असतो. तो काळाकुट्ट झालेला असेल तर हवा कमी येते आणि पॉवर मॉड्यूलला गारवाही कमी मिळतो. मग फ्यूज पाहा. डॅशबोर्डमागे टक-टक-टक असा आवाज येत असेल, तर फळी फिरवणाऱ्या फ्लॅप मोटरच्या आतलं प्लास्टिकचं चाक दात तुटून घसरतंय. तो वेगळा, छोटा भाग आहे, मॉड्यूलशी त्याचा संबंध नाही. ड्रायव्हरकडे गार आणि शेजारी कोमट हवा येत असेल, तर फळी अडकलेली असू शकते किंवा गॅस कमी असू शकतो. गाडी गरम झाली की एसी बंद, थंड झाली की पुन्हा चालू, असं असेल तर आधी समोरचा कंडेन्सरचा पंखा फिरतोय का ते बघा.

एक गोष्ट अगदी घरगुती. डॅशबोर्डवर, पुढच्या काचेजवळ मण्यासारखा एक काळा सेन्सर असतो. ऊन किती पडतंय हे तो मॉड्यूलला सांगतो. आपण नेमकी त्यावरच गणपतीची मूर्ती बसवतो किंवा मखमली पट्टा अंथरतो. मॉड्यूलला वाटतं बाहेर सावली आहे, आणि भर दुपारी गारवा कमी पडतो. मूर्ती चार बोटं सरकवा. गाडीतलं तापमान मोजणारा सेन्सर डॅशबोर्डवरच्या एका छोट्या जाळीमागे असतो. त्यात धूळ आणि केस बसले की तोही चुकीचं सांगतो. मऊ ब्रशने जाळी साफ करायला दोन मिनिटं लागतात. काही गाड्या आपलं दुखणं स्वतःच सांगतात. क्लायमेट कंट्रोलच्या कित्येक टोयोटांमध्ये ऑटो आणि आतली हवा फिरवायचं बटण एकत्र दाबून चावी फिरवली, की पॅनलवर दोषाचे आकडे येतात. तुमच्या गाडीची रीत काय आहे ते मेकॅनिकला विचारा. त्याला माहीत नसेल, तर त्याने स्कॅनर तरी लावायला हवा.

गॅरेजमध्ये मी आता एकच आग्रह धरतो. ब्लोअरच्या वायरीला क्लॅम्प मीटर लावून प्रत्येक वेगाला किती अँपिअर येतात ते मला दाखवा. मीटर नसलेला मेकॅनिक वाईट असतो असं मी म्हणणार नाही, नुसत्या कानाने मोटर ओळखणारे लोक मी पाहिले आहेत. पण इलेक्ट्रॉनिक भाग बदलायचा असेल, तर आकडा पाहिजे.

मोजून झालं, पॅनलच गेलंय हे नक्की झालं, तरीही थेट नव्याच्या मागे धावू नका. जुन्या पॅनलमधले कितीतरी दोष म्हणजे उष्णतेने तडकलेलं सोल्डर, आतला एखादा रिले, सुजलेला कपॅसिटर किंवा मागचे दिवे. गाडीचे ईसीएम, म्हणजे इंजिनाचे कंट्रोल मॉड्यूल, उघडून दुरुस्त करणारे कारागीर हेही करतात. लागणारे सुटे भाग ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात, मीरा रोडहून लोकलने तासा-सव्वा तासाची गोष्ट आहे. दुरुस्ती जमली तर खर्च नव्या भागाच्या तुलनेत फार कमी येतो. शिवाय तुमच्याच गाडीचं पॅनल तुमच्या गाडीत परत बसतं, जुळेल की नाही हा प्रश्नच उरत नाही.

कारण जुळणं हीच पुढची अडचण. पॅनलच्या मागे भाग क्रमांकाचं स्टिकर असतं. शेवटच्या एका अक्षरानेही फरक पडतो. त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या दोन गाड्यांत पेट्रोल-डिझेलचा फरक असू शकतो, एकीत उन्हाचा सेन्सर असतो आणि दुसरीत नसतो. परदेशातून मागवलेला भाग डाव्या स्टिअरिंगच्या गाडीचा असू शकतो. म्हणून जुना भाग काढल्याशिवाय आणि क्रमांक अक्षर न अक्षर ताडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. काही गाड्यांत, विशेषतः युरोपीय बनावटीच्या, नवं पॅनल बसवल्यावर स्कॅनरने त्याचं कोडिंग करावं लागतं, नाहीतर ते चालतच नाही. हे करून देणार का, हे आधी ठरवून घ्या.

जुन्या बाजारातला भाग घ्यायला माझी हरकत नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर तो मिळू शकतो आणि काही गाड्यांना दुसरा मार्गच नाही. शेवरोले गाड्यांची विक्री भारतात २०१७ च्या अखेरीस थांबली. क्रूझवाल्यांनी मग नव्या पॅनलसाठी जायचं कुठे? लिनिया आपल्या रांजणगावात बनत होती, तिचीही तीच गत. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. अशा गाड्यांना जुना भाग म्हणजे अवयवदानच. पण तो घेताना पॅनलचं मागचं झाकण उघडायला लावा. आत गाळाची रेघ, पांढुरकी बुरशी किंवा हिरवट गंज दिसला तर तो पुरात बुडालेल्या गाडीचा भाग असू शकतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा गाड्यांचं काय झालं ते आपण पाहिलंय, आणि त्यानंतरही आपले सखल रस्ते कितीदा तुंबलेत. पाण्यातून निघालेला इलेक्ट्रॉनिक भाग चार महिने चालतो आणि मग दगा देतो. आणि जो बिल देत नसेल त्याच्याकडून काही घेऊ नका. चोरीच्या गाडीचा भाग आपल्या गाडीत नको.

काम चालू असताना दोन गोष्टी डोळ्यांनी पाहा. डॅशबोर्ड उघडण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली पाहिजे आणि गाडीच्या पुस्तकात दिलीत तेवढी मिनिटं थांबलं पाहिजे. आत पिवळे कपलर दिसतील. ते एअरबॅगचे असतात, त्यांच्याशी खेळ नाही. बॅटरी काढल्यावर जुन्या गाड्यांचा रेडिओ कोड मागतो, तो घरून नेलेला बरा. दुसरी गोष्ट गॅसची. पॅनल, पॉवर मॉड्यूल, ब्लोअर, फ्लॅप मोटर, यातलं काहीही बदलताना एसीचा गॅस सहसा काढावा लागत नाही. गॅस कूलिंग कॉइल, कंडेन्सर आणि कॉम्प्रेसरच्या पाइपांत फिरतो, त्या पाइपांना इथे हात लावायचंच कारण नाही. बिलात 'गॅस भरला' असं दिसलं तर कुठे गळत होता ते विचारा. आणि कोणी नट सैल करून गॅस हवेत फुस्स सोडत असेल तर अडवा. आपल्या जुन्या गाड्यांतला आर-१३४ए शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट उष्णता धरून ठेवतो. असे वायू कमी करायच्या किगाली करारावर भारताने २०२१ मध्ये शिक्कामोर्तब केलंय. काशिमिऱ्याच्या गॅरेजात सोडलेला गॅसही त्याच हिशेबात येतो.

बिल पक्कं घ्या. भागाचा क्रमांक, नवा की जुना, वॉरंटी किती, आणि दोष काय आढळला, हे चारही त्यावर लिहून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे, कोणी अजून २८ लावत असेल तर दाखवून द्या. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपल्या ठाणे जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनांचंही क्षेत्र आहे. कंपनी दुरुस्तीची माहिती कशी देते, भाग कुठे मिळतात, ते तिथे पाहता येतं.

कोणी म्हणेल, एसी नसला तर खिडक्या उघडू, एवढा आटापिटा कशाला? मीही तसंच म्हणायचो, एका जुलैच्या रात्री गायमुखच्या घाटात काच पांढरी होईपर्यंत. पाऊस धो धो, पुढे कंटेनर, मागे कंटेनर, खिडकी उघडावी तर पाणी आत, आणि हवा काचेवर वळवणारी फळी हलतच नव्हती. हातरुमालाने काच पुसत मी तो रस्ता उतरलो. बायको शेजारी बसून, कुठे पांढरी पट्टी दिसते ते सांगत होती. एसी हवा कोरडी करतो, म्हणून आतली वाफ जाते. पावसाळ्यात काचेवर धुकं आलं तर बोट फिरवून बघा. आतून पुसलं जात असेल तर एसी चालू, बाहेरची ताजी हवा चालू आणि झोत काचेवर. बाहेरून पुसलं जात असेल तर काच जास्त गार झाली आहे, वायपर मारा आणि तापमान दोन अंश वाढवा. हे करता येण्यासाठी पॅनल आणि फळ्या दोन्ही जिवंत पाहिजेत. म्हणून ही तपासणी मेअखेरीस करून घ्या, पहिल्या पावसाची वाट पाहू नका.

शेवटचं मागणं जुन्या भागाचं. बदललेलं मॉड्यूल गॅरेजमध्ये सोडून येऊ नका. ते तुमचं आहे, मागून घ्या. कोरड्या डब्यात ठेवा आणि वर चिठ्ठी चिकटवा : गाडी कुठली, वर्ष, भाग क्रमांक, काय बिघडलं होतं. पॅनल असेल तर त्यातला रिले, बटणं, पडद्याची काच उद्या दुसऱ्या कुणाच्या पॅनलला लागेल. माझ्या कपाटात अशी दोन पॅनल आहेत. गेल्या वर्षी भाईंदर पूर्वेच्या एका गृहस्थांना त्यातलं एक दिलं. त्यांच्या मेकॅनिकने त्यातली दोन बटणं काढून वापरली आणि उरलेलं पॅनल त्यांनी चिठ्ठीसकट मला परत आणून दिलं.